देवाच्या घरची माणसं

रविवार, रात्र.

उपासनेहून आल्यावर पंडिता रमाबाईंचं चरित्र पुन्हा काढलं. दुष्काळात वडील, आई, थोरली बहीण गेली. १८८० मध्ये भाऊ श्रीनिवास, १८८२ मध्ये पती. पदरात तान्ही लेक मनोरमा. पुढच्याच वर्षी इंग्लंडात, वाँटेजला, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुष्कळजण इथंच थांबतात आणि धर्मांतराच्या वादात अडकतात. मला त्यापुढच्या रमाबाई जास्त जवळच्या वाटतात. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातल्या उपाशी, निराधार मुलींना त्यांनी आणलं आणि केडगावला मुक्तीसदन वसवलं. दुष्काळानं जिचं घर नेलं, तिनंच दुष्काळातल्या पोरींना घर दिलं! त्या मुली शेतात राबल्या, विणकाम शिकल्या, छापखान्यात खिळे जुळवू लागल्या. मूळ हिब्रू-ग्रीकवरून रमाबाईंनी केलेलं मराठी बायबल त्याच छापखान्यात छापलं गेलं.

मी ख्रिस्ती विश्वासात आले तेव्हा माझंही माहेरचं येणंजाणं थांबलं. तो सल आजही आहे. पण मंडळीतल्या एका आजीनं पहिल्याच रविवारी सरकून बाकावर जागा दिली, आणि पुढं मला ताप आला तेव्हा त्याच आजी पेज घेऊन आल्या. येशूनं मला नुसतं क्षमा करून दाराशी उभं नाही ठेवलं, पित्याच्या पंक्तीला बसवलं. ही तृप्ती मला दुसरीकडे कुठंच मिळाली नव्हती.

आज मागच्या बाकावर एक नवी मुलगी होती, वसतिगृहात राहणारी. पुढच्या रविवारी तिला जेवायला घरी बोलावलंय.