हिरवी ओळ कुठली?

सिग्नल ओळखावे लागतात अशा एका नोकरीच्या भरतीत मी लेखी परीक्षा पास झालो. मग वैद्यकीय तपासणीत ठिपक्यांचं पुस्तक पुढं आलं. जपानच्या शिनोबू इशिहारांनी १९१७ साली आणलेली ही चाचणी. ठिपक्यांतला आकडा वाचायचा असतो. मला नुसते ठिपके दिसले.

सोलापूरहून तुळजापूरला येणाऱ्या एसटीत, घरी काय सांगायचं याचाच विचार करत होतो. आईनं विचारलं, "कशानं होतं असं?" फोनवर वाचलेलं मी सांगून टाकलं : लाल-हिरव्याचा हा दोष एक्स गुणसूत्रावर असतो, मुलाला तो आईकडून येतो. ती पुढं काहीच बोलली नाही. नको तिथं हुशारी केली, हे रात्री कळलं.

पुढं प्रोग्रामिंग शिकलो. लॅपटॉप जुना, जड एडिटर उघडला की घरघरायचा. म्हणून ब्रॅम मूलेनार यांनी १९९१ साली आणलेला विम धरला, तो टर्मिनलमध्येच चालतो. पण दुखणं तिथंही तेच. गिटच्या डिफमध्ये काढलेली ओळ लाल, घातलेली हिरवी. मला दोन्ही मातकट. पुढं अधिक-उण्याची चिन्हं असतात, पण रात्री एक वाजता ती कोण बघतंय? एकदा ठेवायचं ते काढलं, काढायचं ते ठेवलं. दोन दिवसांचं काम पुन्हा करावं लागलं.

मग डिफ विममध्येच बघायचा ठरवला, स्वतःच्या रंगांत. घातलेल्याला निळा, काढलेल्याला पिवळा. हे दोन मला स्वच्छ वेगळे दिसतात. विमआरसीत ओळी लिहिल्या, विम बंद करून उघडला. ढिम्म फरक नाही.

पहिली चूक : मी रंग 'गुईबीजी'मध्ये दिले होते. टर्मिनलमधला विम एरवी ते बघतच नाही, तो 'सीटर्मबीजी' बघतो. 'सेट टर्मगुईकलर्स' लिहिलं की मग बघतो, तेही टर्मिनलला तेवढे रंग जमत असतील तरच. माझ्या टर्मिनलला जमत होते. तरी रंग येईनात.

दुसरी चूक क्रमाची. माझ्या ओळी वर होत्या, 'कलरस्कीम'ची ओळ खाली. स्कीम आली की आधी पाटी पुसते आणि मग स्वतःचं लिहिते. ':व्हर्बोज हायलाइट डिफअ‍ॅड' असं विचारल्यावर विमनंच सांगितलं, शेवटचा हात स्कीमच्या फाइलीचा. माझ्या ओळी 'ऑटोकमांड'मध्ये घातल्या, म्हणजे कुठलीही स्कीम लागली की तिच्यामागून त्या चालतात. हा ऑटोकमांड मात्र 'कलरस्कीम'च्या ओळीच्या वर हवा. निळा-पिवळा उमटला.

आई चहा घेऊन आली. "हे काय रंगवलंस?" मी सांगितलं, हे घातलेलं, हे काढलेलं, आता चुकत नाही. ती बराच वेळ बघत राहिली.

"तुझ्या आज्याला मिरच्या तोडाय लावत नव्हते कुणी," ती म्हणाली. "लाल तोडा म्हटलं तरी हिरव्या घेऊन यायचे. सगळे हसायचे."

तिच्याकडं तो दोष तिच्या वडिलांकडून आला असणार, हे मला तोवर सुचलंच नव्हतं.

"म्हणजे ते काय येडे नव्हते," आई म्हणाली आणि कप माझ्या हातात दिला.