चर आणि चीर

"मॅडम, डीपी मारून झालंय. एकही लाल रेघ नाही," मेंटेनन्सचे सुपरवायझर म्हणाले. डीपी म्हणजे डाय पेनिट्रंट; चिरेत शिरलेला लाल रंग रेघ होऊन वर दिसतो. समुद्रालगतच्या एका रासायनिक कारखान्यात वार्षिक शटडाउन चालू होतं. ३०४ स्टेनलेस स्टीलची ती टाकी दोन दिवसांत पुन्हा गरम द्रावणाने भरायची होती. वरचा पत्रा काढला तर आतली इन्सुलेशनची लोकर ओली. खारं पाणी झिरपून गरम धातूवर आटत राहिलं, की क्लोराइड साचतं. वेल्डिंगचा ताण तर धातूत असतोच. चीर पडायला एवढं पुरतं.

वेल्डच्या कडेची रुपयाएवढी जागा मी एमरीने घासली, डायमंड पेस्टने आरशासारखी केली. १० टक्के ऑक्झॅलिक आम्ल, दर चौरस सेंटिमीटरला १ अँपिअर, दीड मिनिट. मग अ‍ॅसिटोनने मऊ केलेली फिल्म दाबून ठसा उचलला.

लॅबमध्ये तो मायक्रोस्कोपखाली धरला. वेल्डपासून दूर, धातूच्या कणांच्या सीमा नुसत्या पायऱ्यांसारख्या. वेल्डजवळ मात्र कणाकणाभोवती काळा चर. ४५० ते ८५० अंश सेल्सिअसच्या दरम्यान हे पोलाद रेंगाळलं, की कार्बन सीमेवर क्रोमियमला धरून बसतो आणि शेजारची पट्टी क्रोमियमला मुकते. या पोलादाचं कवच म्हणजे त्यातलं १८ टक्के क्रोमियम. तेच तिथे विरळ झालं होतं.

काही चर मला जास्तच खोल वाटले. चर म्हणजे चिरेसाठी तयार वाट; पण चीर आधीच पडली असेल, तर टाकी भरताच येणार नाही. आणि ठशावर दोन्ही काळेच दिसतात.

दुसऱ्या दिवशी मायक्रोस्कोप घेऊनच गेले. तीच जागा पुन्हा पॉलिश केली, या वेळी आम्ल न लावता. चर आम्लाने खोदलेला असतो, तो पॉलिशने पुसला जातो. चीर धातूत असते, ती राहते.

चर गेले. तीन रेघा राहिल्या. कणांच्या कडेकडेने वळत गेलेल्या, एकही मिलिमीटरभर लांब नाही. डीपीआधी ग्राइंडर फिरवला होता. धातू सारवला जाऊन त्यांची तोंडं लिंपली गेली होती.

सुपरवायझरना मी ठसा आणि त्या रेघा दाखवल्या. ते बराच वेळ भिंगाला डोळा लावून होते.

"मग भाग बदलून ३०४एल टाकू?"

"टाका. त्यात कार्बन कमी, असे चर सहसा पडत नाहीत. पण क्लोराइड कणांच्या आरपारही चीर पाडतं. लोकर कोरडी राहिली नाही, तर तेही पोलाद चिरेल."

त्यांनी मान हलवली, माणसं बोलावली. "टाकी भरायची नाही," ते म्हणाले, "सगळ्या जोडांवरचा पत्रा उतरवा."

मी एमरीचा नवा कागद काढला आणि पुढच्या जोडापाशी बसले.