दगडफूल

सुगंधालाही लिंग असते, ही गोष्ट मला व्याकरणाने नव्हे, दुकानदारांनी शिकविली. चंदीगडच्या सेक्टर १७ मधील दुकानांत काचेआड मांडलेल्या कुप्यांची सरळसरळ दोन राज्ये झालेली दिसतात. एकीकडे फुले, ती स्त्रियांची. दुसरीकडे मसाले आणि लाकूड, ते पुरुषांचे. गुलाबाने पुरुषाचे काय बिघडते आणि लवंगेवाचून स्त्रीचे काय अडत नाही, याचा खुलासा वेष्टनावर नसतो. ज्या घरात मी वाढलो, तेथे सुगंधाची वाटणी माणसांवरून होत नसे, ऋतूंवरून होई : उन्हाळ्यात वाळा, थंडीत हिना. दिवाळीच्या पहाटेचे उटणे सर्वांना एकच असे. आणि लग्नकार्यात अत्तरदाणी घेऊन फिरणारा मुलगा मामांच्या आणि मामींच्या हाताला तेच अत्तर लावी.

केंद्र सरकारच्या कार्यालयात कारकुनी करणाऱ्याला प्रत्येक कागदाचे मूळ शोधण्याची खोड जडते. ती मी या मसालेदार, काष्ठगंधी सुगंधावर चालविली, तेव्हा माग कनौजला पोहोचला. तेथे शमामा नावाचे एक उष्ण, गडद अत्तर करतात. तांब्याच्या देगेत जिन्नस आणि पाणी घालून तिचे तोंड मातीने लिंपतात. खाली लाकडांचा आणि गोवऱ्यांचा मंद जाळ असतो. वाफ बांबूच्या नळीतून पाण्यात ठेवलेल्या भपक्यात उतरते आणि त्यातील चंदनतेलात मुरते. चंदन दुर्मिळ आणि महाग झाल्यापासून पुष्कळ ठिकाणी तेलाच्या जागी द्रव पॅराफीन आले आहे. पण देग, भपका आणि आच ओळखणारा कारागिराचा हात अजून तेच आहेत.

देगेत पडणाऱ्या जिनसांची नावे वाचली आणि मला हसू आले. नागरमोथा, जटामांसी, कपूरकाचरी, वेलदोडा, लवंग, जायफळ, जायपत्री आणि दगडफूल! यातील काही आमच्या दिवाळीच्या उटण्यातली होती आणि काही आईच्या गोड्या मसाल्यातली.

दगडफूल हे नावापुरतेच फूल. बुरशी आणि शैवल यांनी दगडावर किंवा झाडाच्या सालीवर थाटलेला तो एक जोडसंसार आहे. हिमालयाच्या उतारांवरून ते गोळा होऊन बाजारात येते. येथला पंसारी त्याला छडीला म्हणतो. कच्चे असताना त्याला फारसा वास नसतो. गरम तेलात पडले, की ओल्या लाकडाचा, धुराचा आणि मातीचा गंध एकदम उसळतो.

चैत्र उजाडला, की आमच्या घरी हा गंध दोन दिवस मुक्कामाला असे. धणे, तीळ, खोबरे आणि दगडफूल आई वेगवेगळे भाजी. कशाला किती आच द्यायची, हे तिला डोळ्यांपेक्षा नाकाने अधिक कळे. वास तिच्या बोटांत आणि पदरात बसे. इतक्यात कोणी पाहुणा आला, तर ती लगबगीने साबणाने हात धुई आणि लुगडे बदली. मसाल्याच्या वासाने चारचौघांत बसणे तिला ओशाळवाणे वाटे.

गेल्या हिवाळ्यात ती येथे आली होती. एका सकाळी मी शर्टाला अत्तर लावून कार्यालयास निघालो, तर तिने मला दारातच थांबविले, जवळ येऊन वास घेतला आणि म्हणाली, "अरे, दगडफूल जरा जास्त पडलंय." हा विनोद नव्हता, जाणकाराचा अभिप्राय होता. मग तिने किंमत विचारली. ती ऐकून म्हणाली, "एवढ्यात वर्षाचा मसाला होतो."

पुरुषांनी सुगंध लावणे ही काही आजकालची थेरे नव्हेत. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात लिहिलेल्या 'मानसोल्लासा'त राजाच्या उपभोगांमध्ये विलेपन आणि धूप यांना मानाचे स्थान आहे. मराठीच्या जुन्या खुणा जपणाऱ्या ग्रंथांपैकीच हा एक, म्हणून आपल्याला तो परका नाही. साता समुद्रापलीकडेही निराळी कथा नाही. 'ओल्ड स्पाइस' हा मसालेदार सुगंध आज अस्सल पुरुषी मानला जातो. परंतु अमेरिकेत तो 1937 साली प्रथम स्त्रियांसाठी निघाला आणि 1938 मध्ये पुरुषांसाठी. त्याचा निर्माता विल्यम लाइटफुट शुल्ट्झ याला त्याची कल्पना आईच्या सुगंधी पाकळ्यांच्या बरणीवरून सुचली, असे सांगतात.

म्हणजे तेथेही आईच! जो वास तिच्या हातांना असता धुऊन टाकावा लागतो, तोच कुपीत भरला, की पौरुषाचे लक्षण ठरतो आणि त्याला दाम चढतो. गंध एकच असतो; फरक पडतो तो कोणाच्या अंगाला येतो याने.

त्या वेष्टनावर शेरा मारण्याचा अधिकार मला मिळाला, तर 'पुरुषांसाठी' हा शब्द मी खोडणार नाही. पुरुषांनी सुगंधित असण्यात वावगे काय आहे? त्याखाली माझ्या कारकुनी अक्षरात एवढेच लिहीन : 'मूळ प्रत स्वयंपाकघरात आहे.'