प्रकृती म्हणजे तबियत

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. नववीच्या वर्गात उर्दूचा धडा चालू होता. 'तबियत'ला मराठीत काय म्हणाल, असं मी सहज विचारलं. एक मुलगी म्हणाली, "प्रकृती." लगेच मागच्या बाकावरून आवाज आला, "टीचर, प्रकृती म्हणजे तर निसर्ग ना?"

एका शब्दाचे दोन अर्थ असतात, वहीत लिहून घ्या, असं सांगून मी पुढे जाणार होते. वीस वर्षांच्या नोकरीत तेच करत आले. पण त्या दिवशी खडू हातातच राहिला. कारण तबियतचंही तसंच आहे. मूळ अरबी शब्दाचा अर्थ निसर्ग, स्वभाव. त्यावरूनच भौतिकशास्त्राला उर्दूत 'तबीईयात' म्हणतात. म्हणजे एकमेकींपासून इतक्या लांब जन्मलेल्या दोन भाषांनी माणसाची तब्येत आणि बाहेरचा निसर्ग यांना एकच शब्द दिला. मग मुलंच सुचवायला लागली. उर्दूत हवामानाला 'आबोहवा', म्हणजे पाणी आणि हवा. मराठीत नव्या गावी माणूस आजारी पडला की म्हणतात, तिथलं हवापाणी मानवलं नाही.

२०१५ मध्ये रॉकफेलर फाउंडेशन आणि 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने एक मोठा अहवाल काढला. नद्या, जमीन, हवा, जीवसृष्टी बिघडवून मिळवलेलं माणसाचं आरोग्य टिकणार नाही, असं त्याचं म्हणणं. पृथ्वीचं आरोग्य हा अभ्यासविषय तेव्हापासून जगभर बोलला जाऊ लागला. आपल्या आजीला हे सगळं आधीच ठाऊक होतं, असं मात्र मी म्हणणार नाही. माझी आजी घरातला केर बिनदिक्कत खाडीत टाकायची. भाषेला माहीत असतं म्हणून बोलणाऱ्याला माहीत असतंच असं नाही.

त्याच जुलैत वर्गातला एक मुलगा पंधरा दिवस आला नाही. ताप, डोळे लाल, पोटऱ्या इतक्या दुखायच्या की उभं राहवेना. लेप्टो निघाला. मी भेटायला गेले तेव्हा त्याची अम्मी सांगत होती, डॉक्टरांनी काय काय विचारलं. लावणीला कुठे गेला होता? शेतात पाणी किती दिवस साचलं होतं? पायाला जखम होती का? गोठा जवळ आहे का, उंदीर किती? उंदरांच्या, गुरांच्या मूत्रातून जंतू पाण्यात येतात आणि कातडीवरच्या जखमेतून आत शिरतात. मामाच्या शेतात पोरगं अनवाणी चिखलात उतरलं होतं, टाच फुटलेली.

घरी परतताना गाडीत तेच डोक्यात होतं. मी राहते पेणला, शाळा रोह्यात. कासू, नागोठणे, निडी करत गाडी जाते आणि दोन्ही बाजूंना पावसाळाभर पाणीच पाणी. डॉक्टरांचे निम्मे प्रश्न तर भूगोलाचे होते. आमच्या शाळेत जंतू विज्ञानाच्या तासाला असतो, पाऊस भूगोलाच्या, गटार नागरिकशास्त्राच्या, आणि तिघांची गाठ कधी पडत नाही. तिसरी ते पाचवीपर्यंत 'परिसर अभ्यास' नावाचा एकच विषय असतो. त्यात विहीर, पोट, ग्रामपंचायत शेजारी शेजारी नांदतात. सहावीत त्यांची वाटणी होते. बी.एड.ला मी समवाय पद्धतीवर पाठ टाचण लिहिलं होतं, गुणही चांगले पडले होते. ते परत कधी उघडलं नाही.

मग विज्ञानाचे सर, भूगोलाच्या मॅडम आणि मी, तिघांनी मिळून एक उपक्रम घेतला. विषय एकच, कुंडलिका. मुलांना पहिला प्रश्न दिला, ही नदी उन्हाळ्यातही का वाहते? उत्तर शोधताना ती भिऱ्याला पोचली. घाटमाथ्यावर मुळशीचं धरण आहे. ते पाणी खरं तर मुळा, भीमा, कृष्णा करत बंगालच्या उपसागराला जायचं. टाटांनी ते घाटाखाली उतरवलं, १९२७ पासून भिऱ्याला त्यावर वीज होते आणि तेच पाणी कुंडलिकेत सोडतात. कोलाडचं राफ्टिंग त्याच्यावर चालतं. धरणात जमिनी गेल्या तेव्हा सेनापती बापटांनी मुळशीचा सत्याग्रह केला, तो १९२१ ला सुरू झाला. एक मुलगी म्हणाली, "म्हणजे टीचर, आपल्याकडचं पाणी कुणाच्या तरी शेतावरून आलंय." इतिहासाच्या तासाला हे वाक्य कधी ऐकलं नव्हतं.

पेणची बाजू माझ्याकडे होती. इथल्या हेटवण्याच्या धरणाचं पाणी नवी मुंबईला जातं आणि आमच्या खारेपाटातल्या बायका उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात, हे मुलांनी स्वतः जाऊन लिहून आणलं. आणि पेण म्हटलं की गणपती. मूर्तींच्या कारखान्यात मुलांना न्यायचं म्हटल्यावर शाळेतून सूचना आली, "जरा जपून. उर्दू शाळेची मुलं पीओपीबद्दल विचारायला गेली, तर लोक वेगळाच अर्थ काढतील." भीती खोटी नव्हती. मीही दोन रात्री विचार केला. मग मुलांना बजावलं, शिकवायला जायचं नाही, शिकायला जायचं.

हमरापूरच्या त्या कारखानदार काकांनी मुलांना बसवलं, चहा पाजला, हातात माती दिली. शाडू गुजरातेतून येते. वाळायला वेळ घेते, तडकते, जड असते. पीओपी साच्यात ओतलं की काही मिनिटांत घट्ट. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे २०२० मध्ये पीओपीच्या मूर्तींवर बंदी घातली, त्यानंतर काय काय सोसलं हेही त्यांनी सांगितलं. कर्ज काढून साचे केलेले, हाताखाली गावातल्या बायका. "पाणी मलाही प्यायचंय बाई," ते म्हणाले, "पण आधी हप्ता भरायचाय." मुलांनी हे वाक्य जसंच्या तसं लिहिलं.

परतताना गाडीत एकीने हळूच विचारलं, "टीचर, मग बकरी ईदचं पण लिहायला हवं ना? आपल्या मोहल्ल्यातलं गटार त्या दिवशी कसं असतं." डब्यात दोन क्षण कोणी बोललं नाही. ते पान तिनेच लिहिलं. आतडी, रक्त कुठे जातं, नगरपालिकेची गाडी किती वाजता येते, खड्डा खणून पुरलं तर काय होतं. प्रदर्शनात काही पालकांच्या कपाळावर आठ्या पडल्या. मी ते पान काढलं नाही.

एक पान मात्र काढलं, ते सांगायला हवं. धाटावला रासायनिक कारखाने आहेत, सांडपाण्यासाठी सामायिक प्रक्रिया केंद्रही आहे. केंद्रीय मंडळाच्या २०१८ च्या यादीत देशभरातले नद्यांचे ३५१ प्रदूषित पट्टे आहेत, महाराष्ट्रातले ५३, त्यात कुंडलिकाही आहे. एका मुलाने घराजवळच्या नाल्याचं आठ दिवसांचं टिपण ठेवलं होतं. रंग, वास, वेळ, मेलेले मासे किती. त्याचे अब्बा एका कंपनीत कंत्राटी कामावर. आदल्या दिवशी मुलगा माझ्याकडे आला आणि म्हणाला, "लावू नका टीचर. अब्बांचं नाव निघालं तर?" मी विचारलंही नाही की नाव काढून लावू का, एखाद्या मोठ्या माणसाला विचारू का. बरं म्हणाले आणि पान कपाटात ठेवलं. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्याचे अब्बा आले. दुपारची पाळी होती, त्याआधी. मुळशीपासून रेवदंड्याच्या खाडीपर्यंतचा नकाशा त्यांनी बोट फिरवत पाहिला, धाटावपाशी थांबले.

"इथं काही नाही लिहिलं?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, जागा कमी पडली.

त्यांनी मान हलवली, सलाम केला आणि पाळीला गेले.

लेप्टो झालेला मुलगा बरा आहे, आता अकरावीला आहे. नाल्याचं टिपण करणारा आयटीआयला गेलाय, बाजारात भेटतो. यंदाच्या नववीलाही कुंडलिकाच देणार आहोत. पान माझ्याकडे आहे. लावायच्या आधी त्याला विचारायचं आहे, आणि या वेळी त्याच्या अब्बांनाही.