जवारी, डग्गा आणि चार लाखांचे स्पीकर

नवे स्पीकर ऐकून मत द्यायला कोणी घरी बोलावलं, की मी स्पीकरकडे सगळ्यात शेवटी वळतो. आधी दिवाणखान्याच्या मध्यात उभा राहून एक खणखणीत टाळी वाजवतो. खाली गुळगुळीत टाइल्स, वर स्लॅब, समोरासमोर उघड्या भिंती, कोपऱ्यात काचेचं शोकेस. टाळीमागोमाग झर्रर्र असं एक शेपूट ऐकू येतं. धरमपेठेतल्या जुन्या बंगल्यात ते जरा कमी, मनीषनगरच्या नव्या फ्लॅटमध्ये जास्त. स्पीकरवर चार लाख घातलेले असतात आणि जमिनीवर साधी सतरंजी नसते.

नागपुरात या कामाला हंगाम असतो. एप्रिल ते जून ते जवळजवळ बंदच. खिडकीतल्या कूलरच्या घरघरीत बारीकसारीक सगळं बुडून जातं, आणि कूलर बंद करून ऐकायला बसणारा रसिक मला अजून भेटायचा आहे. दसऱ्यानंतर कूलर खिडकीतून उतरले, की माझा फोन वाजू लागतो.

दुकानात एक वाक्य हमखास कानावर पडतं, "आवाजाचं काय भाऊ, ज्याची त्याची आवड." हे मला मान्य नाही. फ्लॉइड टूल यांनी कॅनडाच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलमध्ये आणि पुढे हरमन कंपनीत कितीतरी वर्षं लोकांना पडद्याआडचे स्पीकर ऐकवले. स्पीकर दिसत नसला, की बहुतेकांची पसंती एकाच बाजूला झुकते, असं त्यांना आढळलं. समोर येणारा आवाज सपाट हवा, म्हणजे कुठलाही स्वर उगाच पुढे किंवा मागे न करणारा. आणि बाजूला पसरणारा आवाजही त्याच वळणाचा हवा. 1994 साली टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी 40 जणांना 4 स्पीकर एकदा झाकून आणि एकदा उघडे ठेवून ऐकवले. झाकलेला असताना चांगले गुण मिळवणारा एक लहानसा, स्वस्त संच डोळ्यांना दिसताच खाली घसरला. ऐकणारे सगळे स्पीकर बनवणाऱ्या कंपनीतलेच होते, म्हणजे अडाणी नव्हेत.

डोळ्यांइतकाच लबाड व्हॉल्यूम. दोन स्पीकरच्या संवेदनशीलतेत 3 डेसिबलचा फरक असला, तर बटण न हलवताही एक जोडी अशी वाजते, जणू अॅम्प्लिफायरची ताकद दुप्पट झाली. जरासा मोठा आवाज माणसाला मोठा वाटतच नाही, ‘क्लिअर’ वाटतो. दुकानातली निम्मी विक्री यावर होत असावी, असा माझा संशय आहे. म्हणून बसायच्या जागी मीटर ठेवून, पिंक नॉइज लावून दोन्ही पातळ्या मी अर्ध्या डेसिबलच्या आत आणतो. हे चाललेलं असताना यजमान चहाला उठून जातात.

मग वाजवायचं काय? बरेच जण ढोल आणि काचा फुटण्याचे आवाज भरलेली डेमो डिस्क काढतात. त्यात स्पीकर दणकट आहे एवढंच कळतं. मी तंबोरा लावतो. आमच्या या वाद्याचा एक मोठा अभ्यासक नागपुरात सरकारी नोकरी करून गेला आहे. सर चंद्रशेखर वेंकट रामन 1910 मध्ये अर्थखात्याचे अधिकारी म्हणून इथे होते. पुढे 1921 च्या निबंधात त्यांनी दाखवलं, की तार जिथे छेडली तिथे ज्या उपस्वरांचा स्थिर बिंदू येतो, ते उपस्वर नियमाप्रमाणे उठायला नकोत; तंबोऱ्यात मात्र ते उठतात. कारण घोडीचा किंचित गोलसर माथा आणि तारेखालचा दोरा, म्हणजेच जवारी. म्हणूनच तंबोरा एकाच वेळी खालपासून वरपर्यंत बोलतो. काळी एकमध्ये लावलेल्या तंबोऱ्याची खर्जाची तार 69 हर्ट्झच्या आसपास असते, तिच्यातून उमटणारा स्वयंभू गांधार 346 च्या जवळ, आणि जवारीची धार त्याच्या कितीतरी वर.

गांधार साध्या रेडिओवरही सापडतो. पेच धारेत आहे. वूफर आणि ट्वीटर यांचा सांधा बहुधा 2 ते 3 हजार हर्ट्झच्या दरम्यान असतो, आणि आपला कान त्याच पट्ट्याच्या आसपास सर्वांत तीक्ष्ण. तिथे पोचेपर्यंत वूफरचा झोत अरुंद झालेला असतो. ट्वीटर सुरू होतो तो मात्र ऐसपैस. समोरच्या खुर्चीत बसलेल्याला काही जाणवत नाही, पण भिंतीवरून परतणारा आवाज वेगळ्याच रंगाचा येतो. म्हणून मी उठून बाजूला जातो, मग स्वयंपाकघराच्या दारात उभा राहतो. तिथूनही जवारी तशीच ऐकू आली, तर सांधा चांगला बसला आहे. माझ्याजवळचं ध्वनिमुद्रण माझ्याच तंबोऱ्याचं आहे आणि त्याची जवारी मुद्दाम थोडी बंद ठेवलेली आहे. एखाद्या स्पीकरवर ती खुली वाटली, तर ट्वीटर पदरचं काहीतरी घालतो आहे. पहिल्या ऐकण्यात लोकांना हाच स्पीकर आवडतो, तासाभराने त्याच्याने डोकं दुखतं.

खालच्या स्वरांसाठी डग्गा. मनगट सरकवून काढलेली मींड सलग चढायला हवी. ती मध्येच एका स्वरावर फुगली, तर दोष बहुधा स्पीकरचा नसतो. 12 बाय 12 फुटांच्या खोलीत 47 आणि 94 हर्ट्झला हवा घुमते, आणि लांबी-रुंदी सारखी असल्याने ती दुप्पट जोराने घुमते. (मे महिन्यात 45 अंशांवर ध्वनीचा वेग वाढून 47 चे 49 होतात; पण कूलरचं वर सांगितलंच आहे.) त्यातून सोफा भिंतीला टेकवलेला, जिथे प्रत्येक घुमणं सगळ्यात जास्त. "बेस तं जबरदस्त आहे ना भाऊ!" म्हणणाऱ्याला मी सोफा दोन फूट पुढे ओढायला लावतो. बेस निम्मा होतो, डग्गा मात्र डग्ग्यासारखा वाजू लागतो.

‘प्रत्यक्ष मैफलीसारखा आवाज’ ही कसोटीही जपून वापरावी. सिव्हिल लाइन्सच्या वसंतराव देशपांडे सभागृहात आपण गाणं ऐकतो तेही माइकमधून, म्हणजे कुठल्यातरी स्पीकरमधूनच. माइकशिवायचा गळा आता रियाजाच्या खोलीतच ऐकायला मिळतो, नाहीतर आपल्या घरात. बीबीसीचे अभियंते निवेदकाचा खरा आवाज आणि स्पीकरमधला आवाज शेजारी ठेवून तपासत. मी घरातल्या आजींना वर्तमानपत्राचे चार परिच्छेद वाचायला सांगतो, ते टिपतो आणि एकाच स्पीकरवर वाजवतो. एकट्या स्पीकरवर दोष लवकर उघडे पडतात. स्वतःचा आवाज स्वतःला परकाच वाटतो, म्हणून मत नातवंडांचं. "आजीला सर्दी झाली आहे" असं एका मुलीने ऐकताक्षणी सांगितलं होतं. मोजून पाहिलं, तर हजार हर्ट्झच्या जवळ स्पष्ट उंचवटा होता.

गेल्या हिवाळ्यात एका डॉक्टरांकडे तलम पडदा बांधून दोन जोड्या ऐकवल्या. जागा तीच, पातळी तीच, अदलाबदल करायला दोन पुतणे. डॉक्टरांनी आणि वहिनींनी वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर गुण लिहिले. दोघांचीही पसंती स्वस्त जोडीला. पडदा काढल्यावर डॉक्टर बराच वेळ महागड्या जोडीच्या अक्रोडी व्हिनियरवरून हात फिरवत राहिले आणि तीच घेतली. "आवाजात ती दुसरी," ते म्हणाले, "पण ही रोज दिसणार ना!" वहिनींनी मात्र जाड गालिचा मागितला. तो अंथरल्यावर मी परत टाळी वाजवली, आणि शेपूट बऱ्यापैकी आखूड झालं होतं.