पूर्वेच्या समुद्राकाठी

चंद्रपूरला उतरलो तेव्हा ऊन पडलं होतं आणि इरईला पूर होता. रिक्षावाल्याला पठाणपुरा गेटच्या बाहेर जायचंय म्हटलं, तर तो म्हणाला, "गेटपर्यंत नेतो जी, पुढं पानी हाये." गोंडकालीन परकोटाच्या त्या दरवाजाबाहेर रस्ता थोडा उतरत जातो आणि मग सरळ पाण्यात शिरतो. पाणी गढूळ होतं, पण धावत नव्हतं. शेतांवर, कुंपणांवर, एका टपरीच्या फळकुटावर ते नुसतं चढून बसलं होतं.

वाहतं पाणी आणि थोपलेलं पाणी यांतला फरक मला लहानपणापासून कळतो, कारण मी दाभोळच्या खाडीकाठचा. वर पाऊस आणि खाली भरती अशी गाठ पडली की वाशिष्ठीला समुद्रात जायला वाट मिळत नाही, ती मागे फुगते. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं त्यात धो धो पाऊस आणि धरणाचं पाणी होतं, तसा भरतीचाही हात होता. इथे समुद्र नाही, पण तेच घडत होतं. इरई शहराला वळसा घालून हडस्तीजवळ वर्धा नदीला मिळते. वर्धेला पूर असला की इरईचं पाणी आत घेतलं जात नाही. वरून इरई धरणाचे सात दरवाजे उघडलेले असले तर रहमतनगरच्या घरांत पाणी शिरायला पाऊस पडावाच लागत नाही. "वर्धेनं दाब मारली" एवढ्यात रिक्षावाल्यानं सगळं जलशास्त्र आटोपलं. नदीकाठी उभे राहिलेले खाणींचे मातीचे डोंगर त्यानं वर हात करून दाखवले आणि त्यावर आपलं मत दिलं. ते छापण्याजोगं नव्हतं, पण चुकीचंही वाटलं नाही.

आमच्याकडे भरतीचं गणित तिथीवर बसतं. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला सहा वाजता, प्रतिपदेला पाऊण वाजता. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. पंचांग हातात असलं की पुढच्या वर्षीची भरतीही सांगता येते. या प्रवासात मला पाहायचं होतं ते हे, की जिथे पाणी असंच चढतं-उतरतं पण चंद्राचं ऐकत नाही, तिथली माणसं कशाकडे बघून अंदाज बांधतात.

उत्तराचा निम्मा भाग नकाशावरच मिळतो. गडचिरोली जिल्ह्याच्या पूर्व टोकाला असलेल्या भामरागडहून अरबी समुद्र सरळ रेषेत आठशे किलोमीटरच्या आसपास आहे. बंगालचा उपसागर मात्र साडेतीनशेच्या आत-बाहेर. महाराष्ट्राचा पाऊस म्हटलं की आपल्याला सह्याद्री आणि नैऋत्येचे वारे आठवतात. त्या पावसातलं फारसं काही इथवर पोचत नाही. इथला मोठा पाऊस पूर्वेकडून येतो. जुलै-ऑगस्टमध्ये उपसागराच्या डोक्याशी कमी दाबाचं क्षेत्र तयार होतं, ते ओडिशाचा किनारा ओलांडून छत्तीसगडवरून पश्चिम-वायव्येला सरकतं. वाऱ्याचा वेग १७ नॉटच्या वर गेला की हवामान खातं त्याला डिप्रेशन म्हणतं. अशा प्रणालीचा सगळ्यात जोरदार पाऊस तिच्या मध्यावर नसतो, नैऋत्य अंगाला असतो. केंद्र रायपूरच्या आसपास आलं की नैऋत्येला कोण? गडचिरोली. किनाऱ्यावर तीन नंबरचा बावटा चढला की कोळी होडी वर ओढतो. इथे बावटा पुरीला किंवा विशाखापट्टणमला चढतो आणि एक-दोन दिवसांनी भामरागडचा दुकानदार साखरेची पोती माळ्यावर टाकतो.

मूलवरून गडचिरोलीकडे निघालो. दोन्ही बाजूंना रोवणी चालली होती. बांध्यांत गुडघाभर पाणी, वाकलेल्या बायकांच्या रांगा, पाठीवर प्लॅस्टिकचे कागद. पऱ्ह्यांचा तो हिरवा रंग दुसऱ्या कशाचा नसतो. एसटीत शेजारी बसलेल्या काकांनी मी कुठला ते विचारलं आणि रत्नागिरीकडचा म्हटल्यावर "मंग तुमच्याकडं तर लई पानी" अशी सहानुभूती दाखवली. आमच्याकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर पडतो आणि इथे सरासरी तेराशे ते पंधराशे, हे खरंच. पण आमचा पाऊस उतारावरून तासा-दोन तासांत समुद्रात जातो. इथला तीन राज्यांतून गोळा होतो आणि मग इथे जमतो.

वैनगंगेच्या पुलावर गाडी हळू झाली तशी सगळ्यांनी माना वळवल्या. ही नदी मध्य प्रदेशात शिवनी जिल्ह्यात उगम पावते. तिच्यावर भंडारा जिल्ह्यात गोसीखुर्दचं धरण आहे, १९८८ साली त्याची पायाभरणी झाली. त्याच्या ३३ दरवाजांपैकी किती उघडले, हा या पट्ट्यातला पावसाळी कुशलप्रश्न आहे. ऑगस्ट २०२० च्या शेवटी मध्य प्रदेशात अतिवृष्टी झाली, गोसीखुर्दचे दरवाजे उघडावे लागले आणि खालच्या ब्रह्मपुरी, वडसा, गडचिरोली भागात गावं पाण्याखाली गेली. काका त्या वेळचं सांगत होते: "आभाळ निरं साफ, अन् पानी घरात." किनाऱ्यावर ढग, वारा, लाटेचा आवाज असं काहीतरी आधी सांगायला येतं. इथे पूर परक्या पावसाचा असतो, चेहरा न दाखवता येतो.

मार्कंड्याला थोडाच थांबलो. तिथे वैनगंगा वळण घेऊन उत्तरेकडे वाहते, म्हणून क्षेत्र. देवळांवरचं शिल्पकाम पाहायला पावसाळा हा ऋतू नव्हे. दगड काळा पडलेला, वर शेवाळ. पुढे आष्टीच्या पुलाखाली वैनगंगा आणि थोड्याच अंतरावर चपराळ्याच्या जंगलाशी तिचा आणि वर्धेचा संगम. तिथून पुढे नाव प्राणहिता. गोदावरीच्या साऱ्या उपनद्यांत हिचं खोरं सगळ्यात मोठं, सुमारे एक लाख नऊ हजार चौरस किलोमीटर. म्हणजे विदर्भाचा बहुतेक पाऊस, त्यात मध्य प्रदेशचा वाटा, एवढं सगळं या एका पात्रातून सिरोंच्याकडे जातं.

मुलचेरा तालुक्यात जे ऐकायला मिळालं त्याची कल्पना नव्हती. साठच्या दशकात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांना तेव्हाच्या चांदा जिल्ह्यात जमिनी दिल्या गेल्या. चामोर्शी आणि मुलचेरा तालुक्यांत त्यांची गावं आजही आहेत, अंगणात तुळस, मागे पोखर, बाजारात रोहू-कातला. एका चहाच्या दुकानात म्हातारे बाबू बसले होते. लहानपण खुलन्याकडचं. मी कोकणातला, खाडीकाठचा, हे कळताच ते एकदम मोकळे झाले. भरतीला ते जोयार म्हणाले, ओहोटीला भाटा. दिवसातून दोनदा नदी उलटी वाहायची, होडी भरतीबरोबर वर न्यायची आणि ओहोटीबरोबर खाली, वल्हं मारायचं काम निम्मं. इथे आल्यावर वडिलांना पहिली काही वर्षं करमलं नाही म्हणाले, कारण इथल्या नद्या एकाच दिशेनं जातात आणि उन्हाळ्यात जातही नाहीत. "मग एका पावसाळ्यात नाला उलटा आला," ते हसले, "बाबा धावत बघायला गेले. म्हणाले, जोयार!" नंतर कळलं की तो मोठ्या नदीचा फुगवटा होता आणि त्यांचं भात त्याच्याखाली होतं.

आलापल्लीच्या पुढे साग सुरू होतो आणि फोनचं जाळं संपत जातं. ताडगाव सोडून हेमलकशाकडे निघालो तेव्हा पाऊस आला. आमच्याकडे सरी येतात, मध्ये उघडीप देतात. हा पाऊस एका लयीत, न थांबता, वाऱ्याशिवाय पडत होता. उपसागरातला लो छत्तीसगडवर आल्याचं सकाळी आलापल्लीत वाचलं होतं. आता त्याच्या नैऋत्य अंगाखाली बसून तो अंगावर घेत होतो. १९७३ साली बाबा आमट्यांनी लोकबिरादरी प्रकल्प इथे सुरू केला. तेव्हा या रस्त्याला पावसाळ्यात रस्ता म्हणण्याजोगं काही नव्हतं. हेमलकसा आणि भामरागड यांच्यामध्ये पर्लकोटा नदी आणि तिच्यावरचा ठेंगणा पूल. शेजारी नव्या उंच पुलाचं काम चाललं होतं. जुना पूल पाण्याखाली गेला की पलीकडची शंभरावर गावं जगापासून तुटतात, आणि तो एका पावसाळ्यात अनेकदा जातो.

पूल गेलेला नव्हता. पण कठड्याशी उभ्या असलेल्या पोरांनी दगडाची खूण ठेवली होती आणि ती दर थोड्या वेळानं बदलत होते. मी पाण्याकडे बघत राहिलो. पर्लकोटा चढत होती, तरी तिचा वेग कमी होत होता. मधोमध फांद्या, फेस, एक तुटका डबा, सगळं मंदावत मंदावत जवळजवळ थांबलं. पाऊस वाढतोय, पाणी वाढतंय आणि प्रवाह मेलेला: भरतीच्या खाडीत हे मी हजारदा पाहिलंय, डोंगरातल्या नदीत कधी नाही. कारण पुढे आहे. भामरागडच्या पायथ्याशी पर्लकोटा आणि पामुलगौतमी इंद्रावतीला मिळतात. इंद्रावती ओडिशाच्या कालाहंडीत उगम पावते, बस्तरमधून, चित्रकोटच्या धबधब्यावरून पश्चिमेला येते. उपसागरातला लो त्याच वाटेनं, त्याच दिशेनं सरकतो. पाऊस पुढे, पूर मागे, दोघांची दिशा एक. त्यामुळे वरचा लोंढा खाली पोचेपर्यंत खालचा पाऊसही नदीत भरलेला असतो. इंद्रावती फुगली की पर्लकोटेचं दार बंद. मग भामरागडच्या बाजारात पाणी शिरतं ते पर्लकोटेचं असतं, पण ते आत ढकलणारी इंद्रावती असते.

म्हणून इथली जाणती माणसं पुलाखालचं पाणी बघत नाहीत. बाजारातल्या दुकानदारानं मोबाइलवर सकाळी मिळालेलं पूरपत्रक दाखवलं: जगदलपूर, चिंदनार, पातागुडम, केंद्रीय जल आयोगाची इंद्रावतीवरची मोजणीची ठाणी. "चिंदनार चढला तं आमी माल वर टाकतो. इथं चढाची वाट पाह्यली तं उशीर होते." त्याच्या भिंतीवर गेल्या पुरांच्या रेघा होत्या, एक रेघ फळीच्याही वर. माल हलवणं हे काम इतकं ठरलेलं की खालच्या दोन फळ्यांवर तो पावसाळ्यात फक्त प्लॅस्टिकच्या बादल्या ठेवतो. सरकारचंही तसंच आहे. नवसंजीवनी योजनेत दुर्गम गावांना पावसाळ्याआधीच काही महिन्यांचं रेशन पोचवायचं असतं, आणि दिवस भरत आलेल्या बायांना आधीच माहेरघरात आणून ठेवायचं असतं. आम्ही कोकणात आगोटीची बेगमी करतो तेव्हा सुकी मासळी, कोकम आणि लाकडं भरतो. इथली बेगमी बाळंतिणीपर्यंत जाते. ती जमली नाही की खाटेवर घालून नाले ओलांडण्याची बातमी येते, ती दर वर्षी येते, आणि आपण ती दर वर्षी नव्यानं वाचतो.

रात्री पूल पाण्याखाली गेला. मी अलीकडे हेमलकशाच्या बाजूला होतो, हा निव्वळ योग. दुसऱ्या दिवशी पाऊस थांबूनही पाणी हललं नाही. इंद्रावती उतरल्याशिवाय ते हलणार नव्हतं. संध्याकाळी एकाएकी काठावरचा फेस पुढे सरकू लागला. ओहोटी लागली की पहिल्यांदा कचरा हलतो, तसंच.

सिरोंच्याचा रस्ता मी वर्णन करणार नाही. ज्यांनी तो केला आहे त्यांना गरज नाही आणि इतरांचा विश्वास बसणार नाही. गाव समुद्रसपाटीपासून जेमतेम सव्वाशे मीटरवर. प्राणहिता इथे गोदावरीला मिळते, आणि पुरात उपनदीचंच पाणी मुख्य नदीहून अनेकदा जास्त असतं. त्याच्या खाली तेलंगणानं मेडीगड्डा बॅरेज बांधलं, ८५ दरवाजांचं. २१ जून २०१९ ला उद्घाटन झालं आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये त्याचे खांब खचले. मधल्या वर्षांत काठच्या शेतकऱ्यांची जमीन फुगवट्याखाली जात राहिली आणि मोबदल्याची भांडणं सुरू झाली. चंद्राची भरती निदान उतरण्याची वेळ पाळते. ही भरती दुसऱ्या राज्यातल्या दरवाजांवर अवलंबून. जुलै २०२२ मध्ये तर इथली गावं रिकामी करावी लागली. त्याच पुरात खाली भद्राचलमला गोदावरी ७१.३ फुटांवर गेली. त्याहून वरची नोंद १९८६ ची, ७५.६ फूट.

मिरची आणि कापसाचं शेत असलेला एक शेतकरी काठावर मोटार काढायला आला होता. तेलुगू वळणाच्या मराठीत त्यानं हिशेब मांडला: गोदावरीच्या अंगानं येल्लमपल्लीतून किती सोडलं ते मंचेरियालचा मेव्हणा फोनवर कळवतो, प्राणहितेचं टेकड्याच्या ठाण्यावरून कळतं, आणि दोन्ही एका वेळी आले तर मोटार गेली. चार माणसं लावून त्यानं ती चढावर नेऊन ठेवली. दुसऱ्या दिवशी पाणी त्याच्या बांधापासून बरंच खाली थांबलं. मजुरी फुकट गेली म्हणून मी हळहळलो, तर त्यानं माझ्याकडे नवल वाटल्यासारखं पाहिलं. उपसागरात पुढचा लो तयार होत असल्याचं त्यानं वाचलं होतं, त्यामुळे मोटार तो आता पोळा होईपर्यंत खाली आणणार नव्हता.