विंगेतली माणसे

काही वर्षांपूर्वी लेकीकडे न्यूयॉर्कला गेलो असता ब्रॉडवेवर एक संगीतिका पाहण्याचा योग आला. तिकीट भलतेच महाग. त्यात कार्यक्रमपत्रिकेतून एक चिठोरी मांडीवर पडली. आज समूहात अमुकीच्या जागी तमुकी नाचेल. बदलीची माणसे नेमकी आमच्याच वाट्याला यावीत, म्हणून आम्ही मनातल्या मनात चरफडलो.

मध्यंतरात लेकीने आमची कानउघाडणी केली. मुख्य नट आजारी पडला, तर पुष्कळदा समूहातलाच एखादा त्याची भूमिका करतो. मग समूहात पडलेले भगदाड बुजवायचे कोणी? त्यासाठी ‘स्विंग’ असतो. समूहातल्या प्रत्येकाचा एक ‘ट्रॅक’ ठरलेला: कोणत्या विंगेतून यावे, कोणत्या पट्टीत सूर मिळवावा, कोणती खुर्ची हलवावी, अंधारात पोशाख कुठे बदलावा. स्विंगला असे आठ-दहा ट्रॅक पाठ हवेत. तालमीत इतर नाचतात तेव्हा हा बहुधा बाजूला बसून वही भरीत असतो. रंगमंचाच्या पुढल्या कडेला मध्यभागी शून्य आणि दोन्ही बाजूंस आकडे लिहिलेले असतात. प्रत्येकाची जागा त्या आकड्यांवरून नोंदायची. डावीकडचा नर्तक ज्या पायावर वळतो, त्याच्या उलट पायावर उजवीकडचा. म्हणजे एकच नाच दोनदा शिकणे आले. दोघे एकदम गैरहजर असले, तर दोन ट्रॅक कापून एक शिवायचा. उडी घेणाऱ्या नर्तकीला झेलणारे हात हवेतच. टोपली घेऊन जाणारा मात्र गाळता येतो!

पुढे २३ डिसेंबर २०२१ रोजी, कोविडच्या दिवसांत, ‘द म्युझिक मॅन’ची नायिका सटन फॉस्टर आजारी पडली. स्विंग असलेल्या कॅथी व्हॉयट्को हिला दुपारी बाराला निरोप मिळाला, एक वाजता त्या भूमिकेची पहिली तालीम झाली आणि रात्री ती नायिका म्हणून उभी राहिली. प्रयोगानंतर ह्यू जॅकमनने प्रेक्षकांसमोर तिचा व सर्व स्विंगांचा गौरव केला. टोनी पुरस्कारांत या मंडळींसाठी वर्ग नाही.

लेकीचे बोलणे ऐकताना आम्हांस आमच्या धर्मग्रामातले नाताळचे नाटक आठवत होते. आम्ही प्रॉम्प्टर, सारे नाटक मुखोद्गत. तिसरा मेंढपाळ तापाने फणफणला, तेव्हा आम्ही ऐटीत घोंगडी पांघरली. संवाद एकही चुकला नाही. पण उभे कुठे राहायचे, हे आम्ही कधी पाहिलेच नव्हते. वहीतून डोके वर काढले असेल तर ना! दुसऱ्या मेंढपाळावर आदळलो, त्याचा कंदील गव्हाणीत पडला आणि बाळ येशूच्या जन्माला सारे गाव खदखदून हसले. बापुडा महिनाभर आमच्याशी बोलला नाही.

घंटा झाली. दुसऱ्या अंकात आम्ही नायक-नायिकेकडे फारसे पाहिलेच नाही. मागल्या रांगांतून चिठोरीतली ती मुलगी हुडकीत बसलो. कोणाचे पाऊल अडखळते, कोण शेजारणीकडे चोरून पाहते, हे डोळ्यांत तेल घालून न्याहाळले. पडदा पडला, तरी ती काही आम्हांस सापडली नाही.